साक्षगंधाच्या दिवशीची बाटली

रामधननं हातपंपाला लाल रंग फासला तेव्हा खडकडोहच्या बाया अजून वेचणीवरून परतायच्या होत्या. रामधन म्हणजे ग्रामपंचायतीचा शिपाई. वरून हुकूम आला की हात चालवायचा, डोकं चालवायचं नाही, हे त्यानं नोकरीच्या पहिल्या दिवशीच ठरवून टाकलेलं. रंग पातळ कालवला होता. ओघळ पार दांड्यापर्यंत उतरले होते आणि पंप कसा, कुणी टाळकं फोडल्यासारखा उभा होता.

पंचफुला कापसाची ओटी पोटाशी तशीच बांधून आली, तर पंपापाशी अर्धं गाव जमलेलं. तिचं घर पंपाला लागून. मधे दहा पावलं आणि एक शेवग्याचं झाड. पंपाच्या ओट्यावर काळ्या अक्षरात लिहिलं होतं, हे पाणी पिऊ नये, फ्लोराईड जास्त.

"आता मंग प्यावं काय, रामधनचा रंग?" मैनाबाई म्हणाली. शेजारचीच ती, जिभेला धार असलेली. बाया हसल्या आणि हसता हसता प्रत्येकीनं पदर तोंडाशी नेला. खडकडोहच्या बाया अशाच हसतात. या गावात दात दाखवून हसणारं माणूस शोधून सापडायचं नाही. पोरांच्या दातांवर विटकरी पट्टे, मोठ्यांचे दात कडेकडेनं खचलेले. मुकुटबनच्या बाजारात लोक म्हणतात, तंबाखू-सुपारीचा खर्रा खाऊन खाऊन या गावानं दातांची माती केली. शाळेतला मास्तर दहा वर्षांच्या पोरीला सगळ्या वर्गासमोर म्हणतो, खर्रा सोड. त्या पोरीनं खर्ऱ्याची पुडी आयुष्यात उघडलेली नसते, पण मास्तर शिकलेला. त्याला कोण सांगणार.

गर्दीच्या मधोमध रामराव उभा होता, पंचफुलेचा नवरा. वय बावन्न, दिसायला सत्तर. त्याची मान वळत नाही. उजवीकडं पाहायचं तर सगळं अंग उजवीकडं फिरवावं लागतं, जू मानेवर असलेल्या बैलासारखं. वाकता येत नाही म्हणून स्वतःच्याच वावरात तो छातीएवढ्या उंचीची बोंडं तेवढी वेचतो. खालची बाया वेचतात आणि एकमेकींकडं पाहतात. सदरा काढायचा तर सून राखीला हाक मारावी लागते. सहा डॉक्टर झाले. एक म्हणाला वात, एक म्हणाला हाडं झिजली, एकानं कमरेचा पट्टा गळ्यात मारला. एकानं अशी सुई टोचली की आठ दिवस रामराव पोरासारखा हिंडला आणि नवव्या दिवशी खाटेवरून उठला नाही. शिकलेल्या माणसांवरचा त्याचा भरवसा असा एकेका दवाखान्याच्या पायरीवर सांडत गेलेला.

"मी इचारतो ते सांगा," तो म्हणाला. तो ओरडत नव्हता, म्हणून सगळे ऐकत होते. "पाच सालाखाली हेच लोक आले. याच पंपाचं पाणी नेलं. कागद आला, पाणी एक नंबर. कागद अजून पंचायतीच्या भितीवर हाय. पंपाले निळा रंग देल्ला. आज म्हणते लाल. पंप तोच, पाणी तेच. मंग बदललं कोण?"

रामधन ब्रश हातात धरून डब्यात पाहत राहिला.

"यायच्या नादी लागाल तं तहानेनं मराल," रामराव म्हणाला. "माझी जीभ मले सांगते, पाणी गोड हाय. तुमची डाळ तुमाले सांगते. त्याच्याहून मोठा साहेब कोण?"

ते खरंच होतं. त्या पंपाच्या पाण्यात तुरीची डाळ लोण्यासारखी गळते. नाल्याकाठच्या जुन्या विहिरीच्या पाण्यात तीच डाळ तासभर उकळली तरी टणक राहते. म्हणून तर ती विहीर गावानं सोडून दिली, ढोरांना आणि फवारणीला. रामरावनं सगळ्यांसमोर पंप हापसला, ओंजळ लावली आणि प्यायला. ओंजळ तोंडापर्यंत नेता येत नाही म्हणून गुडघे वाकवून तोंड ओंजळीपाशी आणलं. मग नातीला बोलावलं. अर्पिता साडेतीन वर्षांची. तीही आबाजीच्या ओंजळीतून घटाघटा प्यायली.

"बदललं कोण" याचं उत्तर सगळ्या गावात एकट्या पंचफुलेजवळ होतं.

पाच सालाखाली, चैत्रात, मुलाचं, घनश्यामचं साक्षगंध होतं, म्हणजे साखरपुडा. दारात मांडव, वणीकडचे पाहुणे. पंपाचा पाइप गंजलेला, मधूनमधून गंजकट पाणी येई, म्हणून घनश्यामनं मुकुटबनहून थंड पाण्याचे सहा जार आणलेले. भर दुपारी मोटरसायकलवर एक साहेब आला. पाण्याचे नमुने घ्यायचे म्हणाला. ऊन असं की डांबर पायाला चिकटत होतं. पाहुण्यांनी आग्रह केला, साहेब मांडवात बसला, बुंदीची प्लेट घेतली आणि पिशवीतली बाटली काढून पंचफुलेच्या हाती दिली. तुमच्याच दारचा पंप आहे ना, आणा बरं भरून, म्हणाला.

पंपावर तेव्हा बायांची रांग, खाली गढूळ पाणी. पंचफुला बाटली घेऊन शेवग्याखाली उभी राहिली. सरकारच्या घरी आपल्या गावचं पाणी चाललेलं. तिकडं कोणी शहाणीसुरती माणसं ते पाहणार, हुंगणार, मार्क देणार. त्यांच्यापुढं हा गंज ठेवायचा? पाहुण्याला आपण फुटकी कपबशी देतो का? तिनं बाटली विसळली, पुसली आणि जारच्या पाण्यानं गळ्यापर्यंत भरली. साहेबानं वर चिठ्ठी चिकटवली, बुंदी संपवली आणि गेला. महिन्यानं कागद आला तेव्हा तिला मनातून गंमत वाटली होती. गाव पास झालं होतं.

ते तिला कधी खोटं वाटलंच नव्हतं. आज वाटलं. त्या कागदाच्या जोरावर नाल्याची विहीर बांधून काढायचं काम रद्द झालं होतं, गावाला चांगला पंप असताना कशाला म्हणून. त्या कागदानंतर जन्मलेलं एकेक लेकरू तिला आठवायला लागलं. पहिलं नाव अर्पिताचं होतं.

दोन दिवस तिनं कुणाला काही सांगितलं नाही. वेचताना हात चालत होता, डोकं दुसरीकडं. जारचं पाणी चांगलं आणि पंपाचं वाईट, हे तरी खरं कशावरून? कदाचित तेव्हाचा कागदही बरोबर असेल, आता नमुने नेणाऱ्या पोरांनीच बाटली चुकवली असेल. साहेब लोक चुकतात हे तर ती स्वतःच जाणत होती. एकाची बाटली तिनंच चुकवलेली. मग आता मानायचं कुणाचं?

तिला बियाण्याचं आठवलं. मृगाआधी खडकडोहच्या निम्म्या बाया सोयाबीनची थैली घेऊन पंचफुलेकडं येतात. ती शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळते आणि किती उगवले त्यावर पेरायचं की परत करायचं ते सांगते. तिची एक खोड आहे. शंका असली की एकाच थैलीचे दाणे दोन गोणपाटात घालते, एक आपल्या घरी, एक मैनाबाईकडं. दोन्हीकडं सारखे उगवले तरच त्या आकड्याच्या भरवशावर वावर पेरायचं. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. एकदा फसली होती, त्या फसण्यानं शिकवलं.

तिसऱ्या दिवशी पहाटेच तिनं चार बाटल्या उकळत्या पाण्यानं धुतल्या. दोन पंपावर भरल्या. एकीच्या गळ्याला तांबडा दोरा बांधला, एकीला काळा. तिसरी नाल्याच्या विहिरीवर जाऊन भरली, तिला पांढरा. चौथी मुकुटबनच्या स्टँडवर जारवाल्याकडं भरली, तिला पिवळा. कोणता दोरा कशाचा, हे फक्त तिला ठाऊक. रामरावला सांगितलं, पोरीला खोकला आहे, दवाखान्यात दाखवून येते. एवढं खोटं तिनं वाटेतच स्वतःला माफ केलं. अर्पिताला कडेवर घेतलं आणि एसटीत बसली.

पाणी तपासायची सरकारी प्रयोगशाळा दोन गाड्या बदलून. खिडकीतल्या बाबूनं बाटल्यांकडं असं पाहिलं जशी ती मेलेली उंदरं घेऊन आली होती. पंचायतीचं पत्र नाही, अर्ज नाही. आणि कोणती बाटली कुठली ते लिहिल्याशिवाय हात लावणार नाही म्हणाला.

"लिहिलं तं तुमी तसंच सांगान," पंचफुला म्हणाली.

बाबूनं तिला बाहेर बाकावर बसवलं. दहा वाजले, अकरा वाजले, बारा वाजले. अर्पितानं आणलेली भाकर खाल्ली, बाकाखाली झोपली, उठली. बाबू दोनदा चहाला जाऊन आला. लोकांनी शास्त्र मानावं म्हणून भिंतीवर रंगीत पोस्टर लावलेलं, आणि त्याच भिंतीखाली चार बाटल्या घेऊन आलेली बाई उपाशी बसलेली. पोस्टरवरची बाई हसत होती. तिचे दात पांढरेशुभ्र होते.

साडेबाराला आतून एक मुलगी हात पुसत बाहेर आली. पांढरा कोट, पायात साधी चप्पल. बाकावरच्या बाटल्या पाहून थांबली. दोऱ्यांना हात लावून विचारलं, हे कशासाठी. पंचफुलेनं सांगितलं की खुणा माझ्या आहेत, तुम्ही नुसतं पाणी सांगा, कुठलं ते मी सांगणार नाही. मुलगी हसली आणि हसता हसता हात तोंडाशी गेला. तेवढ्यात पंचफुलेला दिसलं. तिच्याही पुढच्या दातांवर तेच विटकरी पट्टे.

"या आत," मुलगी म्हणाली. "समोर करते. तुम्हीच पाहा."

नाव नयन. बाबूनं काहीतरी पुटपुटून पाहिलं. नयन म्हणाली, सही मी करते.

आत काचेच्या नळ्यांत तिनं चारही पाणी मोजून घेतलं, वर थेंब टाकले. पंचफुला टेबलाला नाक लावून उभी. दोन नळ्या गुलाबी राहिल्या. दोन हळूहळू फिकट झाल्या, केशरी झाल्या, मग पिवळ्या. पिवळ्या दोन म्हणजे तांबडा दोरा आणि काळा दोरा. नयननं मग यंत्रावर पुन्हा मोजलं. एकात लिटरला सव्वाचार मिलिग्रॅम, एकात जरा कमी. दीडच्या वर नको असतं म्हणाली. पांढरा दोरा एकाच्या आतच, पिवळा नावापुरता.

"हे दोन एकाच जागचे आहेत," नयन म्हणाली. "ताई, तुम्ही मला पकडायला आणले ना?"

"हाव," पंचफुला म्हणाली. तिला लाज वाटली नाही. "आता सांगतो. तांबडा न काळा पंपाचा. पांढरा नाल्याच्या इहिरीचा. उकळून प्यालं तं?"

नयननं सांगितलं की उकळल्यानं जंतू मरतात, हे मरत नाही. उलट पाणी आटलं की आणखी दाट होतं. विहिरीत हे कमी आहे, पण उघडी विहीर, जंतू असणारच. ती उपसून, साफ करून, औषध टाकून प्यायची. पंपाचं पाणी गोड लागतं का, असं तिनंच विचारलं. डाळ लवकर शिजते का? पंचफुलेनं मान डोलावली. नयन म्हणाली, असल्या पाण्याचं तसंच असतं. माझी आई पण त्याच डाळीचं कौतुक करायची.

मग पंचफुलेनं साक्षगंधाचं सांगितलं. मांडव, बुंदी, जार. सगळं. सांगताना ती टेबलाच्या कडेवरचा एक डाग नखानं खरवडत होती.

"भरली तुम्ही," नयन म्हणाली. "पण नोकरी त्याची होती. पंप दहा पावलांवर होता ना?"

"दहाच."

नयननं अर्पिताला वर उचलून टेबलावर बसवलं आणि तोंड उघडायला लावलं. दुधाचे दात, तांदळासारखे. आमच्या ट्रेनिंगला डॉक्टर आले होते, ते म्हणाले, या वयात पक्के दात आत जबड्यात घडत असतात, असं तिनं सांगितलं. जे पाणी आज पिईल त्याचे दात सहाव्या-सातव्या वर्षी बाहेर दिसतील. हाडांचंही तेच. रामरावचं विचारलं तेव्हा नयननं खोटा धीर दिला नाही. आखडलं ते पुरतं सुटणार नाही, पाणी बदललं तर दुखणं उतरू शकतं, एवढंच. आणि शेवटी म्हणाली, पाणी तपासायची पेटी प्रत्येक पंचायतीला दिलेली आहे, तुमच्याकडं कुठं आहे ते बघा. औषध जुनं झालं असेल म्हणून एक नवी कुपी दिली, थेंब किती टाकायचे ते दोनदा करून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पंचफुला पंपावर आली तर रामराव रॉकेलच्या बोळ्यानं लाल रंग पुसत होता. खालचा पुसून झालेला. वरच्या मुंडक्यापर्यंत हात जात नव्हता. खांद्यापर्यंत येऊन हात थांबायचा, खाली पडायचा, पुन्हा वर यायचा. चार बाया घागरी लावून उभ्या. कुणी मदत करत नव्हतं, कुणी अडवत नव्हतं.

"अवो," ती म्हणाली. "पुसू नका. रंग बराबर हाय."

रामराव सगळ्या अंगानिशी वळला.

तिनं तिथंच सांगितलं. घरात सांगता आलं असतं, पण घरात सांगितलं असतं तर ते घरातच राहिलं असतं. पाच सालाखालचा कागद पंपाचा नाही, जारच्या पाण्याचा आहे. बाटली साहेबानं भरली नाही, मी भरली. गाव नापास होऊ नये म्हणून. आणि काल प्रयोगशाळेतल्या पोरीनं पंपाचं पाणी माझ्यासमोर तपासलं, ते खराब निघालं.

मग मैनाबाई सुटली. तिच्या धाकटीला दोनदा पाहून गेलेले, दोनदा दात पाहून परत गेलेले. तिनं पंचफुलेच्या सात पिढ्यांना बोलावलं. गावाला विष पाजलं म्हणाली, स्वतःच्या पोराचं साक्षगंध साजरं केलं आणि माझ्या पोरीचं मोडलं म्हणाली. धाकटीचे ते दात बाटलीच्या कितीतरी आधीचे होते. पंचफुला ते बोलली नाही. खाली मान घालून उभी राहिली. राखी मधे पडायला आली, तिला तिनं हातानं मागं सारलं.

"काहून सांगितलं नाई?" रामरावनं विचारलं.

"मले वाटलं परीक्षा हाय," ती म्हणाली. "पाण्याची नाई. आपली."

रामरावनं बोळा टाकून दिला. बोटांना लाल रंग लागलेला. "परवा त्यायचं खरं, काल तुयं खरं, आज कोनाचं?" तो म्हणाला. "त्या पोरीनं सांगितलं न तू मानलं. मी कायले मानू? मले दाखव."

पंचफुलेला हेच हवं होतं.

रामधनला पेटीचं विचारलं तर तो म्हणाला, कपाटात आहे, किल्ली सचिवाकडं, सचिव गुरुवारी येतो. मंगळवार होता. घनश्यामनं कपाटाच्या बिजागरीचे स्क्रू काढले. आत जुन्या मतदारयाद्यांखाली निळी पेटी, वरचं प्लॅस्टिकसुद्धा फाडलेलं नव्हतं. पेटी आल्यापासून दोन वर्षं गावचे दात या कपाटात कुलपात पडून होते. पेटीतल्या कागदावर लिहिलं होतं, गावातील महिलांना प्रशिक्षण द्यावे. रामधन म्हणाला, प्रशिक्षण झालं, फोटो पण आहे. फोटोत मैनाबाई होती. तिला ती पेटी साडीवाटपाची वाटली होती.

पंपाच्या ओट्यावर सगळं मांडलं. सोमवारच्या बाजारालाही एवढी माणसं जमत नाहीत. रामरावनं घरातून दोन स्टीलचे पेले आणले. एक पाणी पंपाचं, एक विहिरीचं, राखीनं पंपाची घागर आणि विहिरीची कळशी शेवग्यामागं आणून ठेवलेलीच होती. पण मी भरीन, तू पाहायचं नाही, असं त्यानं बजावलं. पेले घेऊन तो शेवग्यामागं गेला. जाताना पाठ अशी ताठ, जसा कुणी खांब उचलून नेत आहे. परत आला, दोन्ही पेले ओट्यावर ठेवले. "सांग."

वेचणीनं पंचफुलेच्या बोटांची टोकं फाटलेली, औषध झोंबलं. तिनं दोन नळ्यांत पाणी घेतलं, थेंब मोजले. पोरांनी सुद्धा मोजले, मोठ्यानं. थांबली. पहिली नळी गुलाबीची केशरी झाली, केशरीची पिवळी. दुसरीकडं सगळ्यांचे डोळे. तीही केशरी झाली. मग पिवळी.

मागून कुणीतरी म्हणालं, घ्या, दोन्ही सारखेच निघाले. मैनाबाई म्हणाली, बाटली भरता येत नाही न तपासता पण येत नाही. एकदोघं हसले. रामधन कपाटाच्या स्क्रूचं बोलायला लागला.

पंचफुलेनं पुन्हा पेटीतल्या कार्डावरचा रंग पाहिला, पुन्हा नळी पाहिली. आपल्या डोळ्यांवर भरवसा ठेवायचा की गर्दीवर, एवढंच होतं. तिला नयनचं टेबल आठवलं. दोन दोरे आठवले.

"एक बी इहिरीचा नाई," ती म्हणाली. "दोन्ही पंपाचे."

रामराव हळूहळू मैनाबाईकडं वळला, मग रामधनकडं, मग पुन्हा बायकोकडं. एवढं वळायला त्याला वेळ लागला आणि तेवढा वेळ कुणी हललं नाही.

"बराबर हाय," तो म्हणाला. "दोन्ही पंपाचेच भरले म्या."

मग त्यानं एक पेला रिकामा करून विहिरीच्या कळशीतून स्वतः भरला आणि थेंबही स्वतः टाकले. बोटं नीट मिटत नव्हती, एक थेंब बाहेर पडला. नळी गुलाबी राहिली. तो ती उन्हात धरून पाहत बसला. मैनाबाई पुढं आली, तिनं पाहिली. तिच्या मागून तिची धाकटी. एकेक करून सगळ्यांनी पाहिली. कुणी कुणाला शहाणपण शिकवलं नाही. मैनाबाई जाताना एवढंच म्हणाली, मी तुया तोंडाकडं पाहीन नाई सालभर. दोन महिन्यांनी विहिरीवर तिच्याच शेजारी उभं राहून तिनं गाळाची टोपली झेलली. बोलली नाही, पण टोपली झेलली.

विहिरीचं काम वेचणी उरकल्यावर पौषात निघालं. सरकारी कामाची वाट पाहायची नाही असं ठरलं, अर्ज मात्र दिला. नाल्याच्या मोटारीनं पाणी उपसलं, उंबराची मुळं तोडली, कमरेइतका गाळ निघाला. गाळात सोळा घागरी, एक सायकलचं चाक आणि फवारणीच्या औषधाच्या रिकाम्या बाटल्या. त्या तर कुणा साहेबानं टाकल्या नव्हत्या. रामराव आत उतरू शकत नव्हता. तो काठावर पाय रोवून उभा राहिला, दोर कमरेला गुंडाळून. खालून हाक आली की तो सरळ मागं चालायचा आणि टोपली वर यायची. न वाकणारं त्याचं अंग कितीतरी वर्षांनी कामाला आलं होतं. पाणी भरल्यावर पंचफुलेनं तीन ठिकाणचं तपासलं, वरचं, मधलं, तळाचं, आणि त्याच पाण्याच्या दोन बाटल्या नयनकडं पाठवल्या, वेगवेगळे दोरे बांधून, फवारणीच्या औषधाचंही तपासा म्हणून. फवारणीचं विष पाण्यात उतरलेलं नाही आणि जंतूंचं औषध किती टाकायचं, दोन्ही तिकडून लिहून आलं. ते मात्र तिनं मुकाट मानलं. जे आपल्याला पाहता येत नाही ते कोण पाहतो आणि कसा, हे आता तिला माहीत होतं.

फाल्गुनात पाण्याचा साहेब आला. नवा होता, तरणा. ऊन वाढलेलं, विहीर गावापासून दूर. तो शेवग्याखाली बसला, घाम पुसला, आणि पिशवीतली बाटली पंचफुलेपुढं धरली. तुम्हीच करता ना तपासणी गावात, आणता का भरून, म्हणाला.

पंचफुलेनं दोन्ही हात मागं घेतले.

"उठा, साहेब," ती म्हणाली. "दूर नाई. मी येतो संगं."

तो उठला. रामरावही निघाला, ताठ पाठीनं, सगळ्यांच्या पुढं. मागून राखी, राखीच्या कडेवरून उतरून अर्पिता. साहेबानं विहिरीत पोहरा सोडला, ओढला, बाटली विसळली, भरली, चिठ्ठी लावली. पंचफुला त्याच्या हाताकडं पाहत होती, पार झाकण लागेपर्यंत. मग म्हणाली, आता जेवून जा.

जेवायला भाकर आणि तुरीची डाळ. डाळ सकाळपासून चुलीवर होती, तरी दाणा दाण्याला ओळखत होता. साहेबानं घास घेतला, थांबला, इकडंतिकडं पाहिलं. रामराव पाटाऐवजी खुर्चीवर बसतो, ताट गुडघ्यावर. तो आपल्या खचलेल्या दातांनी शांतपणे चावत होता.

"आमच्या इहिरीची डाळ हाय," तो म्हणाला. "चावून खावं लागते."

अर्पिताला त्याचं काय हसू आलं कोण जाणे. ती खदखदून हसायला लागली, डाळीचे दाणे तोंडातच. राखीनं सवयीनं तिच्याकडं पाहिलं. पोरीचा हात तोंडाशी गेला नव्हता. तो आबाजीच्या ताटात होता, आणखी डाळ घ्यायला.